आज सकाळपासून

"पोरीचा हात सोड," तो माणूस म्हणाला.

मी आधी मागे वळून पाहिलं. वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणत असेल. रविवार होता, लग्नसराई होती, टाकळसिंगीच्या बसस्थानकात फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या एका हातात ईश्वरीची खेळाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात तिचा हात. मागे कुणीच नव्हतं. तो माणूस माझ्याकडेच बघत होता. त्याच्या मनगटापर्यंत उसाचा ओला चोथा चिकटलेला होता आणि पुढच्याच क्षणी तो हात माझ्या कॉलरवर आला.

"कोण आहे ही तुझी?"

"भाची आहे."

"सगळे भाचीच म्हणतात."

ईश्वरी मोठ्याने म्हणाली, "हा माझा मामा आहे." तेवढ्यात एका बाईने तिला स्वतःकडे ओढून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत शेजारणीला सांगितलं, की लेकराला पढवून ठेवलंय, किती घाबरलंय बघा. ईश्वरी घाबरलेली नव्हती. पण ओढून घेतल्यावर घाबरली आणि मग तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तेही माझ्याच विरोधात गेलं.

त्या वेळी मी बत्तीस वर्षांचा होतो. नांदेडला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, अजूनही आहे. ईश्वरी ही माझ्या थोरल्या बहिणीची, सत्यशीलाअक्काची मुलगी. अक्का एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स, दाजी गुजरातेत कंपनीत. पोरगी दोरीच्या मल्लखांबात चांगली निघाली होती आणि लातूरच्या एका सरांनी तिला रविवारच्या रविवार शिकवायचं कबूल केलं होतं. तो पहिलाच रविवार. टाकळसिंगीला बस बदलायची होती, एवढाच आमचा त्या गावाशी संबंध.

कॉलर धरणाऱ्याने दुसऱ्या हाताने खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर ईश्वरीचा फोटो होता. लहानपणीचा, पुढचे दोन दात पडलेले, तोंडभर हसणारा. तो फोटो मी काढलेला होता. मी काही बोलायच्या आत पाठीत कुणीतरी गुद्दा घातला. मग दुसरा बसला. मी खाली वाकलो तसा कुणीतरी केसांना धरून मला पुन्हा उभं केलं. एक चष्मेवाले गृहस्थ प्रवासी बॅग पायाशी ठेवून, हात उंच करून माझं चित्रीकरण करत होते.

"बाजूला व्हा."

आवाज बाईचा होता आणि तो भोंग्यातून आला होता. बस कोणत्या फलाटावर लागली आहे हे सांगणारा आवाज एकदम असं बोलायला लागल्यावर लोक थबकले. मग कंट्रोलरच्या केबिनचं दार उघडलं आणि एक बुटकी, स्थूल बाई खाकी साडीत बाहेर आली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, पी. डी. गजभारे. गर्दीत शिरताना तिने कुणाला ढकललं नाही. ज्याच्यासमोर जाऊन उभी राहिली तो आपसूक सरकला.

"स्टँड माझ्या ताब्यात आहे," ती म्हणाली. "इथं कुणाला मारलं तर जबाब मला द्यावा लागतो. ह्याला आणि मुलीला आत आणा. आणि गंगाधरभाऊ, तुम्ही धरलंय ना, तुम्हीपण आत या."

तेव्हा मला कळलं की त्याचं नाव गंगाधर. स्टँडच्या दारात त्याची रसवंती होती.

आत गेल्यावर गजभारेबाईंनी कडी लावली, ईश्वरीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि पोलीस ठाण्याला फोन केला. ठाण्याची एकुलती गाडी दुसऱ्या गावी बंदोबस्ताला गेली होती, यायला वेळ लागणार होता. खिडकीच्या गजांवर बाहेरून माणसं लटकली होती. कुणी म्हणत होतं द्या बाहेर, कुणी म्हणत होतं बाईला काय कळतं. मी घाईघाईने सांगायला लागलो की मी कोण, कुठला, बहीण काय करते. बाईंनी मला थांबवलं.

"तुम्ही खरं बोलताय असं मी म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "खोटं बोलताय असंही नाही म्हटलं. गप्प बसा." मग गंगाधरकडे वळून त्यांनी त्याला तो मेसेज मोठ्याने वाचायला सांगितला. एकही शब्द न गाळता.

गंगाधर वाचायला लागला. "ही मुलगी आज सकाळपासून उमरदरा बसस्टँडवरून हरवली आहे. नाव ईश्वरी, वय सहा. अंगात पिवळा फ्रॉक. कुणाला दिसल्यास खालच्या नंबरवर लगेच फोन करा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. एका आईला तिचं लेकरू मिळेल."

प्रत्येक शब्द माझा होता. चार वर्षांपूर्वी उमरदऱ्याच्या स्टँडवर, भर उन्हात मी तो लिहिला होता. त्यापुढे गंगाधरने जे वाचलं ते मात्र माझं नव्हतं. "मुलीला एका तिशीतल्या माणसासोबत पाहिलं गेलं आहे. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरत आहे. दिसताच पकडा." चार वर्षं हातोहात फिरताना वाटेत कुणीतरी हे जोडलं होतं. कुणी, का, ते मला कधीच कळलं नाही.

"हा मेसेज मीच लिहिलाय," मी म्हणालो.

खिडकीपाशी लोक हसले. त्या हसण्याची मला मारापेक्षा जास्त भीती वाटली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ईश्वरीला वय विचारलं. दहा पूर्ण, ती म्हणाली. बाईंनी गंगाधरच्या मोबाईलवरचा फोटो पाहिला, मग ईश्वरीला तोंड उघडायला सांगितलं.

"फोटोत दात पडलेत. हिचे आलेत. एका सकाळीत आले का?"

"फोटो जुना असंल, बाई. आईबापाजवळ जो होता तो त्यांनी टाकला असंल."

"बरोबर आहे, असू शकतं. तुम्हाला कधी आला हा मेसेज?"

"आत्ता, घंट्याभरापूर्वी. साडूने पाठवला."

"साडूला विचारा त्याला कधी आला."

गंगाधरने फोन लावला. साडू म्हणाला, त्याच्या गावच्या ग्रुपवर काल दुपारी आला होता, पाठवायचा राहून गेला. बाईंनी फोन स्वतःच्या हातात घेऊन विचारलं की तुम्हाला आला तेव्हा त्यात काय लिहिलं होतं, आज सकाळपासून की काल सकाळपासून. साडूने वाचून दाखवलं. आज सकाळपासून.

फोन ठेवल्यावर बाई गंगाधरकडे बघत राहिल्या. "काल आलेल्या मेसेजात आजची सकाळ कशी असंल, भाऊ?"

गंगाधर वाईट माणूस नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो खरोखर विचार करत होता, हे मला दिसत होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, की दोन दिवसांपूर्वी हरवली असंल, पण हरवली तर आहे ना, नाव तेच, तोंडावळा तोच. सोडून दिलं आणि उद्या कळलं की खरंच होतं, तर?

"म्हणून तर सोडत नाही," बाई म्हणाल्या. "आणि बाहेरही देत नाही."

मी अक्काला फोन लावायची विनवणी केली. ती आत थिएटरमध्ये असली की मोबाईल कपाटात असतो हे मला माहीत होतं, तरी केली. बाईंनी नकार दिला. तुम्ही द्याल त्या नंबरवर कुणीही हो म्हणेल, त्याने काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मला तेव्हा त्यांचा राग आला. त्या कुणाच्या बाजूच्या आहेत तेच कळेना.

गंगाधरने मग मेसेजातला नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवला. तो माझा जुना नंबर होता. मोबाईल चोरीला गेल्यावर मी तो बंद केला होता. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. गंगाधर म्हणाला, मुलगी सापडली आहे, तुम्ही कोण. ती किंचाळल्यासारखी काहीतरी बोलली, त्यातलं एकच कळलं, "पाप लेदु, पाप लेदु," आणि फोन कापला.

"पाप म्हणतेय," खिडकीतून कुणीतरी बाहेरच्यांना सांगितलं. "त्यांच्यातलीच आहे कुणीतरी. टोळीच आहे." बाहेरचा आवाज वाढला. पत्र्यावर एक दगड येऊन आदळला. ईश्वरी खुर्चीतून उठून माझ्याजवळ येऊ लागली तर बाईंनी तिला खांद्याला धरून पुन्हा बसवलं. रागाने नाही, पण घट्ट.

"मेसेज म्हणतोय उमरदरा स्टँड," त्या म्हणाल्या. "स्टँडवर लेकरू हरवलं तर पहिलं कुणाकडं येतात? कंट्रोलरकडं. त्यालाच विचारू."

भिंतीवर सगळ्या स्थानकांचे फोन नंबर रंगवलेले होते. हे मला का सुचलं नाही, त्या मेसेजला हजारदा पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकालाही का सुचलं नाही, असं आज वाटतं. उमरदऱ्याचा फोन लागला. तिथला कंट्रोलर नवा होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या आधी येरावार म्हणून होते, ते निवृत्त झाले. त्याने त्यांचा नंबर शोधून दिला.

बाईंनी लगेच फोन लावला नाही. आधी मला म्हणाल्या, त्या दिवशी काय झालं ते सांगा, गंगाधरभाऊ ऐकतील. मी सांगितलं. अक्का, मी आणि ईश्वरी एका लग्नाहून परत येत होतो. अक्का पाणी आणायला गेली, मी तिकिटाचं विचारायला गेलो, पोरीने समोर लागलेली बस आपलीच समजून तिच्यात पाय ठेवला आणि मागच्या बाकावर झोपून गेली. बस निघून गेली. दुपारभर आम्ही शोधलं. उमरदऱ्याच्या कंट्रोलरने वाटेतल्या प्रत्येक स्थानकाला फोन केला तेव्हा पुढच्या एका स्टँडवर ती सापडली, आणि संध्याकाळी तिला परतीच्या बसने आणून आमच्या हवाली केलं.

"मागच्या पार्सलच्या खोलीत जा आणि दार ओढून घ्या," बाईंनी सांगितलं.

मी गेलो. दाराआडून मला दिसत नव्हतं, पण कळत होतं की त्या ईश्वरीशी हळू आवाजात बोलताहेत आणि गंगाधरलाही जवळ बोलावलं आहे. ईश्वरी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग माईक चालू केल्याचा खरखरीत आवाज आला, आणि त्यानंतरचं सगळं मी बाहेरच्या भोंग्यातून ऐकलं, जसं सगळ्या स्टँडने ऐकलं.

"मी टाकळसिंगी स्थानकाची कंट्रोलर बोलतेय. तुमच्या मोबाईलवर जो मेसेज आलाय तो उमरदऱ्याचा आहे. तिथले जुने कंट्रोलर फोनवर आहेत. मी त्यांना काहीच सांगणार नाही, फक्त विचारणार आहे. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. येरावार काका, तुमच्या काळात स्टँडवरून एखादी मुलगी हरवली होती का?"

येरावार कुठल्यातरी कार्यक्रमात असावेत. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "एक का," ते म्हणाले, "जत्रेच्या दिवसांत रोजच हरवायची. कोणती म्हणता?"

"तुम्हीच सांगा. नाव ईश्वरी."

"ईश्वरी..." ते थांबले. ते थांबलेले क्षण मी पार्सलच्या पोत्यांना पाठ टेकून काढले. "हां. चुकीच्या गाडीत बसून गेली होती ती. झोपली होती मागं. मीच फोन करून करून गाडी अडवली. सापडली की ती. चार वर्षं झाली असतील. का हो, पुन्हा हरवली का?"

बाहेर कुजबुज पसरली. कुणीतरी ओरडलं, कपडे विचारा. बाईंनी विचारलं.

"निळा फ्रॉक होता बहुतेक," येरावार म्हणाले.

मेसेजात पिवळा होता. खरंही पिवळाच होता. कुजबुजीचा पुन्हा गोंगाट झाला, कुणीतरी दारावर लाथ मारली. मला वाटलं, संपलं. चार वर्षांपूर्वीच्या फ्रॉकचा रंग एका म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहिला नाही म्हणून मी आज मरणार.

गजभारेबाईंचा आवाज तसाच होता. बस उशिरा येणार आहे हे सांगतानाही त्यांचा आवाज असाच असणार. "अजून काही आठवतं का, काका? घाई नाही."

"मुलीबरोबर तिची आई होती आणि मामा होता. त्या मामाचं आठवतं. बिनचपलेचा फिरत होता उन्हात. पोरगी गाडीतून उतरली तर आई धावली तिच्याकडं, आणि हा बाबा तिच्यासमोर गुडघ्यावर बसून विचारतोय, बाळ, तुझं नाव काय? सख्ख्या भाचीला नाव विचारतोय. सगळा स्टँड हसला होता बघा. हसला आणि रडलाही."

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. अक्काने कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी कुणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पण भोंगा बंद झाल्यावर केबिनमधून गंगाधरचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "हेच म्हणाली की पोरगी. मामानं मला नाव विचारलं होतं म्हणून. हेच म्हणाली."

तो स्वतः पार्सलच्या खोलीचं दार उघडून आत आला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. माझ्या शर्टाचं वरचं बटण तुटून लोंबत होतं, ते त्याने उगाच हाताने नीट करायचा प्रयत्न केला. मग वळला, कडी काढली आणि दारात उभा राहिला.

"याला पहिलं मी धरलं होतं," तो बाहेरच्यांना म्हणाला. "मीच सांगायलोय. चूक झाली. मामाच आहे पोरीचा. आता याला हात लावायचा तर आधी मला लावा."

सगळे लगेच पांगले असं नाही. काही जण तिथेच घुटमळत राहिले, काहींना पटलंच नाही. पण पुढं कुणी आलं नाही.

चष्मेवाले गृहस्थ बॅग उचलून निघाले होते. बाईंनी त्यांना हाक मारून थांबवलं आणि विचारलं की ते चित्रीकरण कुठे पाठवलं. तीन-चार ग्रुपवर, ते म्हणाले, डिलीट करून टाकतो.

"डिलीट केलं तर ज्यांनी पाहिलं त्यांना काय कळणार?" बाई म्हणाल्या. "त्याच ग्रुपवर लिहा, की हा माणूस निर्दोष आहे आणि मी चुकीचं पाठवलं. स्वतःच्या नावानं लिहा. मी वाचल्याशिवाय तुमची गाडी सुटणार नाही."

त्यांनी लिहिलं. बाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि एक शब्द बदलायला लावला. 'बहुधा निर्दोष' लिहिलं होतं त्यांनी.

पोलीस आले, जबाब झाले, लातूर राहिलं आणि आम्हाला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं. संध्याकाळी अक्काचा फोन आला. ती थिएटरमधून बाहेर पडली तेव्हा तिच्या मोबाईलवर माझं ते चित्रीकरण तिच्याआधीच पोचलं होतं. खाली लिहिलं होतं, मुलं पळवणारा पकडला. अक्काने मला काही विचारलं नाही. म्हणाली, "ईशूला दे." ईश्वरीने फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं हं, हं करत राहिली.

त्या आठवड्यात दुकानात येणारे माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे. एक जुनं गिऱ्हाईक तार अर्धवट भरलेली मोटार परत घेऊन गेलं, कारण सांगितलं नाही. अक्काने ठरवून टाकलं की मल्लखांब बंद, निदान लातूर बंद. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या स्टँडवर पुन्हा पाऊल टाकायची माझी तयारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी जेवताना ईश्वरी म्हणाली, "मी काही केलं नाही. मामानं काही केलं नाही. मग घरात आपण का बसायचं?"

अक्का म्हणाली, लोकांच्या मोबाईलमध्ये अजून तुझा तो फोटो आहे.

"मग त्यांना सांगायचं," ती म्हणाली. "मी सापडले हे कुणी सांगितलंच नाही त्यांना."

सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी, ती सापडली त्याच संध्याकाळी मी सगळ्या ग्रुपवर लिहिलं होतं, मुलगी सुखरूप सापडली, सर्वांचे आभार. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि विषय संपला. ती बातमी पुढे पाठवण्यासारखी कुणालाच वाटली नाही. ईश्वरीचं बोलणं ऐकून मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुकानात बसून, धीर करून माझा जुना नंबर लावला.

त्याच म्हातारीने उचलला. मी मराठीतून हळूहळू सांगितलं. सोलापूरची होती, तेलुगू घरातली, विड्या वळायची. नरसम्मा नाव. मुलाने तिला दोन वर्षांपूर्वी हे सिम आणून दिलं होतं आणि तेव्हापासून तिला अनोळखी माणसांचे फोन यायचे, पोरगी दिसली, पोरगी कुठे आहे. तेलुगूत पाप म्हणजे लहान मुलगी. ती सगळ्यांना सांगायची, माझ्याकडे मुलगी नाही. शिव्याही द्यायची, म्हणाली. मग तिने विचारलं, "ती पोरगी मिळाली का पण?"

मी सांगितलं, मिळाली, त्याच दिवशी मिळाली होती, आता दहा वर्षांची आहे.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. दोन वर्षं ती त्या पोरीचं नाव घेत होती, म्हणाली, देवापुढं रोज, घरातल्यांना माहीत नाही. मी तिला म्हणालो, आता कुणाचा फोन आला तर एवढंच सांगा, मिळाली. ती ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघायला लागली. "मिळाली. घरी हाय. मिळाली."

त्या दिवशी घरी जाऊन मी अक्काला सांगितलं की रविवारी मी ईश्वरीला घेऊन जातोय, आणि त्याच बसने. अक्का भांडली. मग तिने डबा भरून दिला.

टाकळसिंगीला बस लागली. मी ईश्वरीला म्हणालो, बसूनच राहू, दुसरी गाडी लागली की उतरू. ती माझ्याआधी उतरली आणि सरळ रसवंतीकडे चालू लागली. मी मागे धावलो.

गंगाधर चरकात ऊस घालत होता. तिला बघून त्याने चरक थांबवला.

"काका, तुम्ही तो मेसेज कुणाकुणाला पाठवला होता?"

"बऱ्याच जणांना, बाळ."

"त्या सगळ्यांना सांगितलं का, मी सापडले म्हणून?"

त्याने हात पुसले, खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यासमोर धरला. साडूला, साडूच्या ग्रुपला, गावातल्या तरुण मंडळाला, एकेकाला त्याने त्याच संध्याकाळी स्वतःचा आवाज भरून पाठवला होता. ईश्वरीने त्यातला एक लावून ऐकला. शेवटपर्यंत ऐकला. मग मोबाईल परत दिला.

गंगाधरने दोन पेले रस काढून ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुमची माफी मागतो मी," तो म्हणाला. "पण खोटं बोलणार नाही. मला दोन पोरी आहेत. पुन्हा असं कोण दिसलं तर मी पुन्हा आडवा येईन. मारणार नाही. पण जाऊ देणार नाही."

मी काय बोलणार होतो ते आठवडाभर मनात घोळवून आलो होतो. तो राग होता, आणि त्याचा मला हक्क होता. पण त्याच्यासमोर उभा राहिल्यावर मला उमरदऱ्याचा स्टँड आठवला. बिनचपलेचा मी, हातात मोबाईल, आणि मनात एकच मागणं. कुठंतरी, कुठल्यातरी गावात, कुणीतरी एक माणूस हा मेसेज वाचू दे, माझ्या पोरीला ओळखू दे, आणि ज्याच्या हातात तिचा हात असेल त्याला आडवा येऊ दे.

"तो मेसेज लिहिताना मी तुमच्यासारखाच माणूस मागत होतो," मी म्हणालो. "तुम्ही फक्त चार वर्षं उशिरा भेटलात."

गंगाधरने रसाचे पेले आमच्याकडे सरकवले. लातूरची गाडी फलाटावर लागली. आम्ही चढलो, ईश्वरीने खिडकीची जागा धरली आणि काच पूर्ण उघडली. गाडी सुटायच्या आधी गंगाधर खिडकीपाशी आला.

"पोरगी शिकायला जाती म्हणता, काय शिकती?"

"मल्लखांब," तीच म्हणाली. "दोरीवरचा."

"एवढ्या उंच दोरीवर? पडत नाहीस का?"

"पडते की," ईश्वरी म्हणाली, आणि गाडी सुटली.